पेशीचं घर : शरीराबाहेर पेशी वाढवण्याचा शतकभराचा इतिहास

आजचा विषय प्रयोगशाळेतला आहे आणि आमची सगळी नोकरी तत्त्वज्ञानाच्या वर्गात गेली. तेव्हा हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगायला हवं.

ॲरिस्टॉटलने एक उदाहरण एकाहून अधिक ठिकाणी वापरलं आहे. शरीरापासून तुटलेला हात हा फक्त नावाला हात. हाडं तीच, बोटं तीच, पण तो काही धरत नाही, घास उचलत नाही. दगडात कोरलेल्या हाताला आपण जसं हात म्हणतो, तसंच त्यालाही म्हणतो इतकंच. हातापुरतं हे कुणालाही पटतं. पण हाच प्रश्न पेशीला लावून बघा. शरीरातून एक पेशी बाहेर काढली, तिला ऊब दिली, खाऊ घातलं. ती जगली, दुभंगली, एकीच्या दोन आणि दोनाच्या चार झाल्या. तर मग ती तीच पेशी राहिली का?

या प्रश्नाला जीवशास्त्रज्ञांनी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत वेगवेगळी उत्तरं दिली. त्यातलं एक उत्तर साफ चुकीचं होतं आणि ते पन्नास वर्षं टिकलं. आज वर्तमानपत्रांत ‘चिपवरचं फुप्फुस’, ‘चिपवरचं आतडं’ अशा बातम्या येतात. अंगठ्याएवढ्या पारदर्शक तुकड्यात मानवी पेशी वाढवल्याचं आपण वाचतो. हे यंत्र तंत्रज्ञानाचा चमत्कार म्हणून सांगितलं जातं. आमच्या मते ते एका जुन्या वादातलं ताजं विधान आहे, फक्त ते शब्दांऐवजी सिलिकॉन रबरात मांडलेलं आहे. तो वाद आज आपण क्रमाने पाहू.

सुरुवात १९०७ पासून करू. त्याआधी १८८५ मध्ये विल्हेल्म रू या जर्मन शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या गर्भाचा एक तुकडा कोमट मिठाच्या पाण्यात काही दिवस टिकवून दाखवला होता. पण खरा प्रयोग रॉस हॅरिसन यांचा, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातला. त्यांना पेशी वाढवण्यात रस नव्हताच, त्यांना एक भांडण मिटवायचं होतं. मज्जातंतू येतो कुठून? एका गटाचं म्हणणं, तो एकाच चेतापेशीतून फुटून लांब वाढत जातो. दुसऱ्या गटाचं म्हणणं, वाटेतल्या पेशी एकमेकींना जोडल्या जाऊन त्यांचा तंतू बनतो. शरीराच्या आत दोन्ही बाजूंना आपापला पुरावा दिसत होता, कारण आत इतकी दाटी असते की काय कुठून निघालं ते सांगताच येत नाही.

हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातला, पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारा भाग घेतला. त्याचा बारीक तुकडा बेडकाच्याच लसीकेच्या थेंबात ठेवला आणि थेंब पातळ काचेला लटकता ठेवून खोलगट काचपट्टीवर उपडा घातला. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. तंतू पेशीतून निघाला, त्याचं टोक चाचपडत पुढे सरकत राहिलं. भांडण जवळजवळ मिटलं.

आता या प्रयोगातली एक बारीक गोष्ट बघा. नुसत्या मिठाच्या पाण्यात हे घडत नव्हतं. लसीका गोठते, तिची जाळी बनते आणि पेशीला धरायला काहीतरी मिळतं. हॅरिसन यांच्या ते लक्षात आलं होतं. १९१४ मध्ये त्यांनी चक्क कोळ्याच्या जाळ्याचे धागे ताणून त्यांवर गर्भातल्या पेशी सोडल्या, तेव्हा त्या धाग्यांना धरून लांबट होत सरकू लागल्या. पेशीला आधार लागतो, आणि त्या आधाराचा आकार तिच्या वागण्यात उतरतो, हे तेव्हाच छापून आलं होतं. पण ते बाजूला पडलं. का पडलं, त्याचं उत्तर पुढच्या माणसात आहे.

ॲलेक्सिस कॅरेल हे फ्रेंच शल्यविशारद, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करणारे. रक्तवाहिन्या जोडण्याच्या पद्धतीसाठी त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचा तुकडा काचेत ठेवला आणि त्याला गर्भाचा रस खाऊ घालायला सुरुवात केली. तुकडा वाढायचा, तो कापून पुन्हा नव्या भांड्यात ठेवायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. प्रयोगशाळेत काळे झगे, काळ्या टोप्या. एखाद्या गुप्त पंथाच्या मठासारखं वातावरण. वर्तमानपत्रं दर जानेवारीत या ‘अमर हृदया’चा वाढदिवस साजरा करायची. रोजचं काम त्यांचे सहकारी अल्बर्ट एबेलिंग बघत. कॅरेल १९४४ मध्ये वारले, संवर्धन १९४६ मध्ये बंद करण्यात आलं. म्हणजे चौतीस वर्षं. कोंबडी इतकी जगत नाही.

कॅरेल यांनी यातून मोठा सिद्धान्त काढला. पेशी मूळची अमर आहे, म्हातारपण हा शरीर नावाच्या व्यवस्थेचा दोष आहे. पेशीला शरीराच्या तुरुंगातून सोडवा, नीट खाऊ घाला, ती मरणार नाही. आपल्या प्रश्नाच्या भाषेत सांगायचं तर, पेशीला जागा लागतच नाही. उलट जागाच तिला मारते.

यात दोन गोष्टी सगळ्यांच्या नजरेतून सुटल्या. पहिली म्हणजे ते हृदय राहिलंच नव्हतं. सुरुवातीला तुकडा धडधडत होता, पुढे धडधड थांबली. उरल्या त्या संयोजी ऊतीतल्या, जखम भरून काढणाऱ्या साध्या पेशी, ज्या कुठल्याही अवयवात सापडतात. नाव मात्र हृदयाचंच चालू राहिलं. ॲरिस्टॉटलचा दगडी हात तो हाच. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. इतर प्रयोगशाळांत साध्या पेशी काही काळाने वाढायच्या थांबायच्या. लोकांना वाटे, आपलंच काहीतरी चुकलं, पोषणद्रव बिघडलं असेल, भांडी नीट धुतली नसतील. नोबेलविजेत्याच्या भांड्यात पेशी चौतीस वर्षं जगते आणि आपल्याकडे मरते, तर दोष आपलाच. ज्ञानाच्या क्षेत्रात अधिकाराचं वजन कसं काम करतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण आम्हाला दुसरं सापडलेलं नाही. कुणी कुणाला गप्प केलं नाही. माणसं स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास ठेवेनाशी झाली.

हे तोडलं लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी, १९६१ मध्ये, फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत. मानवी गर्भातल्या साध्या पेशी साधारण पन्नास वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात, असं त्यांनी दाखवलं. ‘पोषणद्रव बिघडलं असेल’ हा आक्षेप येणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी पुरुषाच्या, बऱ्याच वेळा दुभंगून झालेल्या पेशी आणि स्त्रीच्या, ताज्या पेशी एकाच भांड्यात एकत्र वाढवल्या. भांडं एक, अन्न एक. काही काळाने पाहिलं तर फक्त स्त्रीच्या पेशी शिल्लक होत्या. गुणसूत्रांवरून ते कळतं. दोष पोषणद्रवाचा असता तर दोन्ही मेल्या असत्या. इतका साधा आणि इतका निरुत्तर करणारा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या वर्गातही क्वचित मिळतो. आणि हा निबंध आधी ज्या नियतकालिकाने नाकारला, ते रॉकफेलर संस्थेचंच होतं! कॅरेल यांच्या संवर्धनाबद्दल आज सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण असं की रोज घातल्या जाणाऱ्या गर्भरसातून ताज्या, जिवंत पेशी आत जात होत्या. मुद्दाम की नकळत, यावर वाद झाले. आम्ही त्यात पडत नाही.

मधल्या काळात, १९५१ मध्ये, एक खरोखर न थांबणारी मानवी पेशी मिळाली होती. बाल्टिमोरमध्ये जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत, हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून. नमुना घेताना तिला विचारलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, एकतिसाव्या वर्षी ती वारली. ‘हेला’ नावाने तिच्या पेशी जगभर गेल्या. पोलिओच्या लशीच्या चाचण्यांपासून पुढे किती ठिकाणी त्या कामी आल्या याची गणती नाही. ही पेशी थांबत नाही कारण ती कर्करोगाची आहे. शरीराबाहेर सर्वांत सुखाने जगणारी पेशी ती, जिने शरीरात असतानाच आपल्या जागेचे नियम पाळणं सोडलं होतं.

याच गे यांच्या प्रयोगशाळेत आपल्याकडच्या कमल रणदिवे यांनी डॉक्टरेटनंतर काम केलं. १९१७ मध्ये पुण्यात जन्म, फर्ग्युसन महाविद्यालयात शिक्षण, मग मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन आणि १९४९ मध्ये डॉक्टरेट. बाल्टिमोरहून परत आल्यावर, साठच्या दशकात, त्यांनी मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. टिश्यू कल्चर म्हटलं की आपल्याला जळगावची केळी आठवतात, रणदिवेबाईंचं नाव फार कुणाला आठवत नाही. आज पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, तिथे पेशींचे वाण गोठवून जपले जातात आणि देशभर पाठवले जातात. ही सगळी परंपरा त्या पहिल्या प्रयोगशाळेच्या वाटेवरची आहे.

रणदिवेबाईंचा बराच अभ्यास उंदरांमधल्या स्तनांच्या कर्करोगावर होता. आपल्या गोष्टीतलं पुढचं वळणही स्तनातल्या पेशींवरच येतं, पण कॅलिफोर्नियात, बर्कलीला. दूध तयार करणारी पेशी उंदरातून काढून प्लास्टिकच्या बशीत ठेवली की ती चपटी होते आणि दूध बनवायचं विसरते. अन्न तेच, संप्रेरकं तीच. १९७७ मध्ये जोआन एमरमन आणि डोरोथी पिटेल्का यांनी या पेशी कोलॅजेनच्या मऊ थरावर वाढवल्या. थर बशीला चिकटलेला असताना काही झालं नाही. मग त्यांनी कडा सोडवून तोच थर द्रवावर तरंगू दिला. थर आकसला, पेशी उभट झाल्या आणि पुन्हा दुधाच्या कामाला लागल्या.

मिना बिसेल या इराणमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञ बर्कलीतच होत्या. पेशीभोवतीचं प्रथिनांचं जाळं हे नुसतं भराव नाही, ते पेशीच्या केंद्रकाशी बोलतं आणि केंद्रक त्याला उत्तर देतं, असं त्यांनी १९८२ मध्ये मांडलं. तेव्हा बऱ्याच जणांनी खांदे उडवले. जनुकांचा सुवर्णकाळ सुरू होत होता, पेशीच्या बाहेरचं काही ऐकायला कुणाला वेळ नव्हता. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने त्याहून धक्कादायक काम केलं. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मऊ जाळ्यात ठेवल्या आणि जाळ्याला धरणारं पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन अडवलं. पेशी रीतसर गोल रचना करून शांत बसल्या. जनुकांतले बिघाड होते तसेच होते, वागणं बदललं होतं.

आता मूलपेशींकडे येऊ, ज्यांना आपण स्टेम सेल म्हणतो. दुभंगताना एक मुलगी आपल्यासारखी ठेवणारी आणि दुसरी कामाला पाठवणारी, ती मूलपेशी. टोरोंटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक यांनी १९६१ मध्ये किरणोत्सर्गाने रक्तपेशी नष्ट केलेल्या उंदरांना अस्थिमज्जा टोचली. उंदरांच्या प्लीहेवर छोट्या गाठी आल्या आणि पुढे सिद्ध झालं की एकेक गाठ एकाच पेशीची संतती आहे. पण एक कोडं उरलं. प्लीहेतल्या या पेशी मज्जेतल्या मूलपेशींइतक्या दमदार नव्हत्या. १९७८ मध्ये इंग्लंडमधले रेमंड स्कोफिल्ड यांनी सुचवलं की मूलपेशीपण हा केवळ पेशीचा गुण नसावा. मज्जेत तिची एक ठरलेली जागा असते, त्या जागेत आहे तोवर ती मूलपेशी राहते, जागा सुटली की ती संसाराला लागते. त्या जागेला त्यांनी ‘निश’ म्हटलं. या युरोपीय शब्दाचा मूळ अर्थ भिंतीतला कोनाडा. आपल्या जुन्या घरांत दिव्याचा कोनाडा असायचा. दिवा दिवाच असतो, पण वारा वाहत असेल तर तेवत राहतो तो कोनाड्यातलाच. शास्त्रीय परिभाषाकोशांत या संकल्पनेला जडजड शब्द आहेत. आम्ही कोनाडाच म्हणणार.

कोनाडा म्हणजे नेमकं काय? शेजारच्या पेशींचे रासायनिक निरोप, हे तर झालंच. पण २००६ मध्ये ॲडम एंग्लर आणि डेनिस डिशर यांच्या पेनसिल्व्हेनियातल्या गटाने वेगळंच दाखवलं. अस्थिमज्जेतल्या एका प्रकारच्या मूलपेशी त्यांनी वेगवेगळ्या कठीणपणाच्या जेलवर ठेवल्या, बाकी सगळं सारखं. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींसारख्या फांद्या फोडू लागल्या. स्नायूइतक्या घट्ट जेलवर स्नायूपेशींची लक्षणं आली, त्याहून कडक जेलवर हाडाच्या पेशींची. पेशी खाली दाबून बघते, खेचून बघते आणि अंगाखाली काय आहे त्यावरून आपण कोण व्हायचं ते ठरवू लागते. आता प्रयोगशाळेतली नेहमीची प्लास्टिकची बशी आठवा. ती मेंदूच्या ऊतीपेक्षा लाखो पटींनी कडक असते. म्हणजे अर्धशतकभर आपण पेशीला ‘मोकळी’ करून पाहत होतो असं समजत होतो, तेव्हा ती एका विलक्षण कडक, सपाट, निश्चल जागेत होती. जागा नाही अशी जागा नसते. आमच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा शोध, आणि त्याला नोबेल वगैरे काही नाही.

त्याच वर्षी, २००६ मध्ये, क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी उंदराच्या साध्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना मूलपेशींच्या अवस्थेत परत नेलं; वर्षभरात माणसाच्या पेशींतही ते जमलं. आता कुणाच्याही त्वचेतून हृदयाच्या पेशी बनवता येऊ लागल्या. त्या बशीत धडधडतातही. पण त्या जन्मभर गर्भातल्याच राहतात, मोठ्या माणसाच्या हृदयाची ताकद त्यांच्यात येत नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या गॉर्डाना वुनियाक-नोव्हाकोविच यांच्या गटाने २०१८ मध्ये अशा पेशींची छोटी पट्टी दोन लवचीक खांबांमध्ये ताणून धरली आणि तिला विजेचे हलके ठोके दिले, रोज थोडे अधिक वेगाने. म्हणजे तालीमच म्हणा ना. चार आठवड्यांत पेशींची रचना प्रौढ हृदयाच्या बरीच जवळ गेली. कॅरेल यांच्या भांड्यात हृदयाला काहीच काम नव्हतं आणि ते हृदय राहिलं नाही. इथे पेशींना ताण आणि काम मिळालं आणि त्या हृदयाच्या झाल्या. ॲरिस्टॉटलला हे ऐकून नवल वाटलं नसतं.

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. त्यासाठी मार्च २००६ मधली लंडनची घटना सांगतो. एका नव्या प्रतिपिंड-औषधाची पहिली मानवी चाचणी होती. माकडांत ते सुरक्षित ठरलं होतं आणि माणसांना दिलेली मात्रा त्या सुरक्षित मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकीच होती. सहा निरोगी तरुणांना ते टोचलं. काही तासांतच सहाही जणांची प्रतिकारशक्ती बेफाम उसळली, एकामागून एक अवयव बंद पडू लागले. सहाही वाचले, पण अतिदक्षता विभागात राहून. नंतरच्या तपासात दिसलं, की मानवी रक्तपेशींत हे औषध नुसतं द्रवात मिसळलं तर काहीच होत नाही; तेच पृष्ठभागाला चिकटवून पेशींसमोर ठेवलं तर भडका उडतो. माकडाच्या आणि माणसाच्या पेशींतही महत्त्वाचा फरक निघाला. म्हणजे प्राणी चुकीचा होता आणि परीक्षानळीतली मांडणीही चुकीची होती. पेशी माणसाच्या असणं पुरेसं नाही, त्यांच्या भोवती माणसाच्या शरीरासारखं काही असावं लागतं.

या पार्श्वभूमीवर २०१० मध्ये हार्वर्डच्या वीस संस्थेत डोंगयुन हू आणि डोनाल्ड इंगबर यांनी चिपवरचं फुप्फुस दाखवलं. पारदर्शक सिलिकॉन रबराचा तुकडा, आत दोन समांतर बोगदे, मधे बारीक छिद्रांचा लवचीक पडदा. पडद्याच्या वरच्या बाजूला वायुकोशातल्या पेशी आणि हवा, खालच्या बाजूला केशवाहिनीतल्या पेशी आणि वाहता द्रव. दोन्ही कडांना पोकळ्या. त्यांतली हवा खेचली की पडदा ताणला जातो, सोडली की आकसतो. श्वासोच्छ्वास! मग वरून सिलिकाचे अतिसूक्ष्म कण सोडले. पडदा स्थिर असताना पेशींचा दाह कमी, पडदा श्वास घेत असताना पुष्कळ जास्त. धुळीत काम करणाऱ्या माणसाचं फुप्फुस श्वास घेणारंच असतं, हे आपल्याला ठाऊक आहे. बशीला ते ठाऊक नव्हतं.

मूलपेशी आणि हे यंत्र यांचं सर्वांत सुंदर लग्न आतड्यात लागलं. आपल्या आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होतं, कारण त्याच्या खळग्यांच्या तळाशी मूलपेशी बसलेल्या असतात. नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी २००९ मध्ये उंदराच्या अशा एका पेशीपासून मऊ जेलमध्ये चिमुकलं आतडं वाढवलं. त्या चेंडूवर खळगेही आपोआप तयार झाले. (ते जेल उंदराच्या एका गाठीतून काढतात आणि त्याचा एक डबा दुसऱ्यासारखा नसतो. अमृत कुठून यावं!) पण चेंडूला तोंड नाही. मेलेल्या पेशी आतच साठतात, म्हणून थोड्या-थोड्या दिवसांनी तो फोडून पुन्हा लावावा लागतो. २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे मथियास लुटोल्फ यांच्या गटाने जेलमध्ये लेसरने एक नळी कोरली आणि तिच्या भिंतीत खळगे ठेवले. पेशी आत सोडल्या. मूलपेशी खळग्यांत जाऊन बसल्या, बाकीच्या वर सरकल्या. नळीतून द्रव वाहता ठेवला, मेलेल्या पेशी वाहून गेल्या आणि हे आतडं कित्येक आठवडे स्वतःला नवं करत राहिलं. स्कोफिल्ड यांनी बेचाळीस वर्षांपूर्वी ज्याची कल्पना केली तो कोनाडा इथे अक्षरशः कोरलेला होता.

याचा उपयोग रुग्णापर्यंत पोहोचायला लागला आहे. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात नेदरलँड्समधल्या उट्रेख्टला रुग्णाच्या मलाशयातून नमुना घेऊन असे चेंडू वाढवतात आणि औषध दिल्यावर ते फुगतात का पाहतात. फुगले तर त्या रुग्णाला ते औषध लागू पडण्याची शक्यता मोठी. दुर्मीळ जनुकीय दोष असलेल्या, ज्यांच्यासाठी मोठी चाचणी कधीच होणार नाही अशा रुग्णांना याने दार उघडलं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची १९३८ पासूनची कायदेशीर सक्ती काढली. २०२३ मध्ये आपल्याकडच्या नियमांतही अशा पर्यायांना जागा मिळाली. त्याच डिसेंबरात ८७० यकृत-चिपांवर २७ औषधं तपासल्याचा निबंध आला. यकृताला घातक औषधांपैकी ८७ टक्के ओळखली गेली आणि एकाही निर्धोक औषधावर खोटा आळ आला नाही. आकडे चांगले आहेत. पण संशोधकांमध्ये ती चिप बनवून विकणाऱ्या कंपनीची माणसं होती, हेही त्याच दमात सांगायला हवं. कॅरेल प्रकरण ऐकलेल्यांनी तरी दुसऱ्या कुणी हेच करून पाहीपर्यंत थांबावं.

शेवटी मेंदू. २०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडलिन लँकास्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांनी मानवी मूलपेशींपासून वाटाण्याएवढे मेंदूसदृश गोळे वाढवले. त्यांना डोळा नाही, कान नाही, हात नाही. ते विचार करतात का, या प्रश्नावर आतापर्यंतचा इतिहास ऐकलेला माणूस म्हणेल की नाही. मेंदूची जागा म्हणजे शरीर आणि जग, ते तिथे नाही. आम्हीही काही वर्षं हेच उत्तर देत आलो आहोत आणि बशीतल्या गोळ्यापुरतं ते आजही बरोबर वाटतं. पण २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या सर्जिउ पास्का यांच्या गटाने असे मानवी गोळे नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या मेंदूत बसवले. रक्तवाहिन्या आत शिरल्या, पेशी बशीत होतात त्याहून कितीतरी मोठ्या झाल्या. उंदराच्या मिशीला स्पर्श केला की त्यातल्या काही मानवी पेशी चेतवल्या जात. आणि त्या मानवी पेशींना प्रकाशाने चेतवलं की, शिकवल्याप्रमाणे, उंदीर पाणी चाटायला जाई. इथे जागा मिळाली आहे, पण ती दुसऱ्या प्राण्यात. ती मिशी कुणाची आणि तो स्पर्श कुणाला झाला, हे विचारायला आज आमच्या विषयाकडे नीट शब्द नाहीत. ते घडवायचं काम जीवशास्त्राच्या आणि तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एका खोलीत बसून करायचं आहे. आपल्या विद्यापीठांत या दोन विभागांच्या इमारतींमधून एकमेकांकडे कुणी चालत जाताना आम्ही फारसं पाहिलेलं नाही.

इथे थांबू. काही प्रश्न लिहून आले आहेत, ते आता घेऊ.